बॅटलबॉलला 'पातळ आमटी' म्हणणाऱ्यांसाठी

वीसबाजू: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'बॅटलबॉल म्हणजे ब्लड बाऊलची पोरांसाठी केलेली पातळ आमटी.' डोकंच फिरलं. दोन्ही पटावर मांडायचे फुटबॉलचे खेळ, एवढंच साम्य. 2003 चा हा मिल्टन ब्रॅडलीचा खेळ स्टीफन बेकरचा आहे, हीरोक्वेस्ट हा गाजलेला पटावरचा खेळ करणाऱ्याचा! भविष्यातलं अमेरिकन फुटबॉल. पळणाऱ्या गड्याला वीस बाजूंचा फासा, धिप्पाडाला सहाचा. पळताना मोठा आकडा हवा, पण भिडताना लहान आकडा जिंकतो. वाऱ्यासारखा पळणारा धडकेत कागदासारखा फाटतो. वेग आणि ताकद एकाच फाशात बसवली, अजून काय पाहिजे?

नफलचा_पुजारी: आमटीवाला मीच. ब्लड बाऊलमध्ये चेंडू उचलताना एक गडी चुकला की अख्ख्या संघाची टर्न गेली. कुणाला आधी हलवायचं याला डोकं लागतं.

वीसबाजू: तो नियम 1994 ला आला, तिसऱ्या आवृत्तीत. 1986 च्या पहिल्या आवृत्तीत कुठे होतं डोकं? आणि भिडताना दोन फासे टाकून दोन्हींवर कवटी, म्हणजे आपलाच गडी आडवा? 36 त एकदा म्हणे. माझं दर शनिवारी होतं.

नफलचा_पुजारी: री-रोल, म्हणजे फासे पुन्हा टाकायची संधी, काय लोणचं घालायला ठेवलेत?

लीड्स_रिटर्न: भांडा तुम्ही. माझ्याकडे ब्लड बाऊलची 1988 ची दुसरी आवृत्ती होती, थर्माकोलच्या मैदानाची. पुण्याला परतताना सामानवाल्यांनी त्या खोक्यावर कुकर ठेवला. मैदानाचे तीन तुकडे. वर मी शहाण्याने इन्स्टंट ग्लू लावला, तर थर्माकोल विरघळून मैदानात खड्डा!

नफलचा_पुजारी: अरेरे. थर्माकोलला तो ग्लू कोण लावतं? साधा फेविकॉल लावायचा.

लीड्स_रिटर्न: आता सांगताय! बायको म्हणाली, खड्ड्यात तुळस लाव.

कोपऱ्यातला_भिडू: फेविकॉल पातळ करून लावा, नाहीतर सांधा वर येतो.

वीसबाजू: धागा बॅटलबॉलचा आहे हो! सहाच्या फाशासमोर वीसचा फासा 100 त साडेबारा वेळाच जिंकतो. म्हणजे कुठे भिडायचं नाही, हे ठरवणं हाच खेळ. मांडा गणित, मग आमटी म्हणा.

नफलचा_पुजारी: मांडलं. बरोबर आहे. बरं, आमटी नाही, पिठलं म्हणू. पिठलं मला आवडतं.

वीसबाजू: उपकार झाले.

लीड्स_रिटर्न: फेविकॉल लावून वजन किती वेळ ठेवायचं?

कोपऱ्यातला_भिडू: रात्रभर. कुकर नको.