शॉकअपची गळती: सील बदलण्यापूर्वी नळी तपासावी

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून ऑइल येताच दोन्ही सील बदलावेत, हा नेहमी दिला जाणारा सल्ला चुकीचा नाही. मात्र विदर्भातल्या पांदण रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी तो अपुरा आहे, असे मला वाटते. पावसाळ्यात काळी माती शॉकअपच्या सीलमधून सरकणाऱ्या गुळगुळीत नळीला चिकटते, उन्हात वाळून कडक होते आणि शॉकअप दबला की धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या डस्ट सीलखालून आत शिरून ऑइल रोखणाऱ्या आतल्या ऑइल सीलची कड उचलून धरते, त्यामुळे सील शाबूत असूनही ऑइल झिरपते. म्हणून आधी नळी कोरडी पुसावी, पुढचा ब्रेक धरून हँडल काही वेळा दाबावे आणि नळीवर ऑइलचे कडे उमटते का ते पाहावे. उमटल्यास डस्ट सील वर सरकवून जुन्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत पट्टी ऑइल सीलच्या कडेखालून सावकाश फिरवावी. तिथे स्क्रू ड्रायव्हर कधीही घालू नये.

तरीही गळती राहिली, तर नळीवर नख फिरवावे. नख अडकेल असा गंजाचा खड्डा सीलच्या वाटेत असेल, तर नवा सीलही लवकरच खराब होतो आणि नळीचेच काम करावे लागते. शॉकअपमधले ऑइल गाडीच्या पुस्तिकेतल्या दर्जाचे आणि मापाचेच भरावे, कारण जास्त भरल्यास आतल्या हवेचा दाब वाढून सीलवर ताण येतो.

डिस्क ब्रेकच्या पॅडला ऑइल लागले असेल, तर पॅड बदलून डिस्क स्वच्छ केल्याशिवाय कृपया गाडी चालवू नये.