‘खवय्या’ शब्द कुठला, आणि पाटीवर लिहायचा कसा?

रंकाळावेस: घरगुती खानावळीची पाटी रंगवायला दिलीय. मजकूर ‘अस्सल खवय्यांसाठी तांबडा-पांढरा’. पेंटरनं ‘खवैय्येंसाठी’ काढून दाखवलं. बरोबर काय? आणि हा शब्द नारळ खवण्यावरून आलाय का?

शब्दवेडा: खवण्याशी काही संबंध नाही. गाणे–गवय्या, तसं खाणे–खवय्या. ‘गवई-बजवय्ये’ म्हणतो त्यातला बजवय्याही त्याच घडणीचा. हिंदीत गवैया, खवैया अशीच जोडी आहे. खाणेच्या मुळाशी संस्कृत ‘खाद्’.

पाटीवर ‘खवय्यांसाठी’च हवं. ‘ऐ’मध्ये य चा उच्चार आधीच येतो, म्हणून ‘खवैय्या’त य उगाच वाढतो. अनेकवचन खवय्ये, पण प्रत्यय लागला की घोडे–घोड्यांना तसं खवय्ये–खवय्यांना. य्यावरचा अनुस्वार सुटला तर एकवचन होतं, तेवढं पेंटरला बजावा.

पेठेतला_गडी: अर्थाचंही बघा. खादाड म्हणजे नुसता ढीगभर खाणारा. चोखंदळ माणूस साडीच्या दुकानातही असतो. पट्टीचा खवय्या भरपूर खाईलही, पण वाटीत काय बिघडलंय ते त्याला पहिल्या घोटात कळतं. आपल्याकडं त्याची जीभ पांढऱ्या रश्श्यावर कळते, कारण तिथं चूक झाकायला तिखट नसतं. अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, हळद जास्त पडली की रंग पिवळट. तीळ जास्त भाजले की कडवट. खसखस नीट भिजली नाही की वाटण कितीही फिरवा, जिभेला कचकच लागतेच.

रंकाळावेस: आभारी आहे भावा, पाटी बदलून घेतो. आमचा पांढरा कधीकधी फुटतो, ते कशानं?

पेठेतला_गडी: नारळाचं दूध घालून खळखळ उकळत असणार. त्यानं दुधातलं तेल सुटतं आणि वर चोथा तरंगतो. अर्धा किलो मटणाला दीड लिटर पाणी घालून अळणी काढा. लिटरभर अळणीला दहा-बारा काजू, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस. सगळं अर्धा तास भिजवून गंधासारखं वाटा. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी अख्खीच टाकून वाटण परता, मग अळणी ओता आणि उकळी इथंच काढून घ्या. त्यानंतर गॅस बारीक करून एका नारळाचं घट्ट दूध घाला, ढवळत राहा, कडेला बुडबुडे दिसले की उतरवा. गिऱ्हाइकासाठी परत गरम करताना पातेलं थेट जाळावर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवा, म्हणजे फुटत नाही.