तांत्रिक विद्यालयातली कानस भंगारात काढा म्हणणाऱ्यांना

सेंटरपंच
काल 'ऑफसेट' यांनी लिहिलं: "शासकीय तांत्रिक विद्यालयांत आठवीपासून पोरांना एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्ट्या घासायला लावतात. कानशी भंगारात काढा, त्या जागी सीएनसीचे (संगणकाने चालणाऱ्या मशिनचे) सिम्युलेटर बसवा." दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

१० मिमी जाडीच्या पट्टीतून ५० बाय ५० चा चौकोन काढायचा. हॅकसॉने कापताना प्रत्येक कडेला एक मिमी सोडायचा. आधी एक कड सपाट, मग तिला काटकोनात शेजारची. या दोन झाल्याशिवाय समोरच्या कडा आखायच्याच नाहीत, कारण मोजणार कुठून? हा प्रश्न कानस हातात असताना पडतो. ड्रॉइंगवरचा डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ती कड, तो हाच, आणि सीएनसीवर जी५४ चं शून्य, म्हणजे जॉबवरचा मोजणीचा आरंभबिंदू, कुठे धरायचा तेही यातूनच कळतं.

ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरला की बहुतेकांच्या जॉबची (घासलेल्या तुकड्याची) दोन्ही टोकं झिजलेली आणि मध्ये फुगवटा दिसतो. स्ट्रोक सुरू होताना डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा. तसं झालं नाही की कानस झोके खाते. व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) कोपराच्या उंचीला नसेल तरी तेच. आठवीच्या पोराला मोठ्या माणसाच्या उंचीचं बेंच दिलंत तर पायाखाली फळी द्या, कानशीला दोष देऊ नका.

ऑफसेट
तुम्ही माझं अर्धंच वाचलंत. आठवड्याचे तास मोजके, आणि त्यातले निम्मे चौकोन घासण्यात जातात, हा माझा मुद्दा होता. पोरगं लेथवर शिकतं एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल: २५ मिमी व्यासाच्या एमएस बारला कापायचा वेग मिनिटाला २५ मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ३१८ फेरे (आरपीएम). बाहेर पडल्यावर त्याच बारला कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसवायचं कठीण पातं) १५० मीटरने चालतं, म्हणजे १९१० च्या आसपास. व्यास ३०.०० हवा होता, ३०.०४ आला, तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजल्याची दुरुस्ती भरायच्या रकान्यात) उणे ०.०४ घालायचा. पोरं ०.४ घालतात, नाहीतर चिन्ह चुकवतात. ही चूक सिम्युलेटरवर फुकट होते, मशिनवर इन्सर्ट आणि जॉब दोन्ही जातात. शाळेत टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तरी किती तुटतात बघा. तो खर्च कोण मोजतं?

मेंटेनन्सवाला
सिम्युलेटर ठीक आहे, पण खरं सीएनसी मागू नका. थ्री फेज, हवेचा दाब, कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव), सगळं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मशिन बंद ठेवलं की वर तेल तरंगतं, कूलंट सडतं आणि जूनमध्ये वर्गात उभं राहवत नाही. त्याहून वाईट बॅटरीचं. मशिन महिनोन्‌महिने बंद असताना बॅटरी उतरली की पॅरामीटर उडतात आणि अक्षांचं शून्य हरवतं. बॅटरी मशिन चालू ठेवून बदलायची असते, बंद करून नव्हे. हे सांगायला माणूस नसेल तर ते मशिन झाकून ठेवायच्याच कामाचं.

पाटीपेन्सिल
माणूस नसेल तर, हाच खरा प्रश्न आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेत आणायचं ठरवलं. गाठलं नाही. २०२० च्या धोरणात पुन्हा २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देऊ असं लिहिलंय. निदेशकाची (वर्कशॉपात शिकवणाऱ्याची) जागा रिकामी आणि हॅकसॉच्या पात्यांचे पैसे सत्र संपल्यावर येणार, तर कानस काय आणि सिम्युलेटर काय?

सेंटरपंच
मान्य. पण टॅपचं मध्येच घुसडलंत ते सोडणार नाही, ऑफसेट. टॅप तुटतो म्हणून आटे पाडणं बंद करायचं? एम८ ला (८ मिमीच्या आट्याला) ७ मिमीचं ड्रिल मारा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल सोडत राहा. तुटणार नाही.

आटेवाला
कृपया हे मुलांना शिकवू नका! एम८ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. आठातून वजा केला की ६.७५, म्हणून ६.८ चं ड्रिल. ६एच टॉलरन्समध्ये (नेहमीच्या आट्याला चालणाऱ्या मर्यादेत) आतला व्यास ६.६४७ ते ६.९१२ असावा लागतो. ७ चं भोक सुरुवातीलाच बाद. टॅप सहज फिरतो कारण आटा उथळ पडतो, आणि असा नट ताणला की आटे सोलून निघतात.

सेंटरपंच
शाळेच्या पेटीत ड्रिल अर्ध्या अर्ध्या मिमीने असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ६.५ आणि ७ यांतलं निवडायचं तर ७. ६.५ ने टॅप तुटतोच.

आटेवाला
तुटतो, कारण ६.५ हे ६.६४७ च्या खाली आहे, टॅपला बुंधाही कापावा लागतो. म्हणून ६.८ चं एक ड्रिल विकत घ्या. तुटलेला टॅप घासून किंवा ड्रिल करून निघत नाही, तो ड्रिलइतकाच कठीण असतो. पिन पंचाने उलटा ठोकून सुटला तर सुटला, नाहीतर स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं). त्यापेक्षा ड्रिल स्वस्त. आणि टॅप तिरका लागला की पाव फेरा मागे घेऊनही वाचत नाही. दोन फेरे झाले की हँडल काढून ट्राय स्क्वेअर लावा, दोन दिशांनी.

मेंटेनन्सवाला
एक धरा. हाताने धार लावलेल्या ड्रिलचे दोन्ही ओठ (कापणाऱ्या कडा) सारखे नसतात. टोकाचा ११८ अंशांचा कोन जमला तरी एक ओठ लांब राहिला की ६.५ चं ड्रिल मोठं भोक पाडतं. कधी कधी टॅप त्यामुळेच वाचतो.

आटेवाला
वाचतो. पण किती मोठं पाडेल हे सांगता येत नाही, त्यावर वर्ग चालवू नका. भोक व्हर्नियर कॅलिपरने मोजा, मग टॅप.

सेंटरपंच
ठीक, ७ चं म्हणणं मागे घेतो. ६.८ च. पण ऑफसेट, आता बघा. हा सगळा वाद हाताला लागणाऱ्या गोष्टींचा आहे. भोक लहान असलं की टॅप जड होतो, हे सिम्युलेटरच्या पडद्यावर कसं कळणार? कडेचा बर (कापल्यावर राहिलेली धारदार कोर) काढला नाही तर चकमध्ये (मशिनच्या पकडीत) जॉब नीट टेकत नाही आणि रनआउट येतो, म्हणजे तो डगमगत फिरतो, हे तिथे कुठे दिसतं?

ऑफसेट
बर दिसत नाही, हे कबूल. भंगारात काढा हा शब्दही चुकला असेल. पण चौकोन एकच पुरे, तो नीट काटकोनात आला की पुढे चला. तोच चौकोन तीनदा घासून डेटम तीनदा कळत नाही. दहावीला सिम्युलेटर हवाच, यावर मी ठाम आहे.

सेंटरपंच
पहिल्याच खेपेला काटकोन येणारी पोरं मोजकी असतात. बाकीच्यांना दुसरी पट्टी द्यावी लागेल. दहावीच्या सिम्युलेटरला माझी हरकत नाही, मात्र तिथलं पहिलं ड्रॉइंग त्यांनी स्वतः घासलेल्या चौकोनाचंच असू द्या.