धागा: उष्णतेचं प्रॅक्टिकल बंद करा, व्हिडिओ दाखवा

वैतागलेला_बाप:
मुलीच्या कॉलेजात करंटने पाणी तापवायचं प्रॅक्टिकल झालं. ३ ओहमची नायक्रोम कॉइल, २ अँपिअर, १० मिनिटं, १५० ग्रॅम पाणी. आय स्क्वेअर आर टी (करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स गुणिले सेकंद) केलं की ७२०० ज्यूल उष्णता, म्हणजे पाणी साडेअकरा अंश तापायला हवं. थर्मामीटरवर वाढ आली १०. सर म्हणाले जर्नलमध्ये साडेअकरा लिही. हेच शिकवायचं असेल तर लॅबचा खटाटोप कशाला, व्हिडिओ दाखवा, निदान खोटं लिहायची सवय तरी लागणार नाही.

जुना_लॅबवाला:
तुमचा राग बरोबर, पण तो चुकीच्या माणसावर... म्हणजे प्रॅक्टिकलवर निघतोय. कॅलरीमीटरचं, म्हणजे ज्यात पाणी तापवून उष्णता मोजतात ते भांडं हिशोबात धरलं का? तांब्याचं भांडं १०० ग्रॅमचं असेल तर तेही तापतं ना, त्याचे अंशाला साधारण ३९ ज्यूल, पाण्याचे ६२७. दोन्हींच्या बेरजेने ७२०० ला भागा, १०.८ अंश येतं. राहिलेला पाऊण अंश हवेत गेला. सुरुवातीला पाणी खोलीपेक्षा पाचेक अंश गार घ्या आणि पाचेक अंश वर जाऊन थांबा, आधी जेवढी उष्णता आत आली जवळजवळ तेवढीच नंतर बाहेर जाते. आणि ढवळत राहा हो, नाहीतर थर्मामीटर कॉइलजवळचंच सांगतो.

वैतागलेला_बाप:
भांडं धरलं नव्हतं, मान्य. पण हे सरांनी सांगायला हवं होतं की तुम्ही?

इंडक्शनवाली:
मी व्हिडिओच्याच बाजूने. आमच्या वेळी ४० मुलं आणि २ कॅलरीमीटर, मी दोन्ही वर्षं नुसती लांबून मान उंचावून बघत होते, रीडिंग शेजारणीचं. व्हिडिओत निदान काटा दिसतो.

वायरमन_दादा:
ताई व्हिडिओत चटका बसत नाही. ५ अँपिअरच्या एक्स्टेंशनवर २००० वॅटचा गीझर लावणारे लोक मी रोज बघतो, करंट जातो पावणेनऊच्या आसपास, म्हणजे पावणेदोन पट, पण वायर तापते तिप्पट, तो स्क्वेअर तिथे भेटतो. प्लग ढिला असला की तिथला रेझिस्टन्स वाढतो आणि बोर्ड तपकिरी पडतो. हे ज्याने कॉइल हातात धरून बघितलंय त्याला एका वाक्यात कळतं.

इंडक्शनवाली:
गीझर लॅबमध्ये कोण लावतंय पण?

जुना_लॅबवाला:
गीझर नको, १ अँपिअरवर एकदा आणि २ वर एकदा, तीच कॉइल, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. दुप्पट तापेल असं वर्गातली निम्मी पोरं म्हणतात. चौपटीच्या जवळ जातं, आणि ज्यूल या शास्त्रज्ञाला १८४० च्या सुमारास नेमकं हेच दिसलं होतं. मोठ्या करंटला चौपटीपेक्षा जरा कमी पडतं कारण जास्त तापलं की जास्त गळतं. तेवढं कमी का पडलं एवढा एकच प्रश्न मी व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारायचो, जर्नल उघडायचोच नाही.

वैतागलेला_बाप:
असे एक्झामिनर असतील तर प्रॅक्टिकल ठेवा. पण ४० पोरांत २ कॅलरीमीटर हा मुद्दा कोणी खोडला नाहीये अजून.

वायरमन_दादा:
तो खोडता येतही नाही. कॉइल मी देतो फुकट, कॅलरीमीटरचं तुम्ही बघा.