१९६४ चं जपान: बुलेट ट्रेनच्या पलीकडे

कुणीतरी लिहिलंय की १९६४ चं जपान म्हणजे बुलेट ट्रेन आणि टोकियो ऑलिंपिक, बाकी काही नाही. अहो, त्या ऑलिंपिकमध्येच बघा ना किती काय दडलंय! ज्योत पेटवणारा योशिनोरी साकाई हिरोशिमा प्रांतात ६ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे बॉम्ब पडला त्याच दिवशी जन्मलेला, १९ वर्षांचा पोरगा. निवड करणाऱ्यांना मानलं पाहिजे, एकही शब्द न बोलता जगाला काय ते सांगून टाकलं.

बायकांच्या व्हॉलीबॉल टीममध्ये बहुतेक जणी एकाच कापड कंपनीच्या, दिवसभर नोकरी आणि मग मध्यरात्रीपर्यंत प्रॅक्टिस, जमिनीवर झोकून देऊन लोळण घेत बॉल उचलायच्या. त्यांचा कोच दाइमात्सु, हा माणूस दुसऱ्या महायुद्धातल्या इंफाळच्या लढाईतून जिवंत परतलेला! गोल्ड ठरवणाऱ्या शेवटच्या मॅचला सोव्हिएत रशियाला ३-० हरवलं. आज कुणी असं ट्रेनिंग दिलं तर कोचवर केस होईल हा भाग वेगळा.

पण मला खरा चटका लावून जातो तो जपानी धावपटू त्सुबुराया. मॅरेथॉनमध्ये दुसरा म्हणून स्टेडियममध्ये शिरला आणि सगळ्या पब्लिकसमोर शेवटच्या फेरीत ब्रिटनच्या हीटलीने त्याला गाठलं, ब्राँझ मिळालं. जानेवारी १९६८ मध्ये त्याने आत्महत्या केली. चिठ्ठीत काय, तर घरच्यांनी खाऊ घातलेल्या एकेका पदार्थाचे आभार, मोची (तांदळाचा चिकट गोळा), वाळवलेली पर्सिमनची फळं...

आणि हो, तिथेच आपण हॉकीत पाकिस्तानला १-० हरवून गोल्ड परत आणलं, ते कसं विसरलात?