मूस: बेस क्लासमधलं सामान रोलमध्ये हलवायचंय, सल्ला हवा

अर्धविराम
मंडळी, पर्ल भाषेतला, मूस या क्लास लिहिण्याच्या मॉड्यूलवर लिहिलेला एक जुना प्रकल्प माझ्या गळ्यात पडलाय. चाळीसेक क्लास, सगळ्यांचा बेस क्लास (ज्याच्याकडून बाकीचे वारसा घेतात तो) एकच. लॉगिंग, कॅशे (एकदा आणलेली माहिती साठवून ठेवणं), फसलं तर पुन्हा प्रयत्न, ज्याला जे सुचलं ते त्याने तिथे कोंबलंय. ज्यांचा कॅशेशी काडीचा संबंध नाही, त्यांनाही तो चिकटलाय. म्हणून रोल, म्हणजे हव्या त्या क्लासला जोडता येणारे मेथडचे गठ्ठे, करायला घेतले. कॅशेच्या रोलमध्ये 'रिक्वायर्स'ने (क्लासकडे ही मेथड हवीच, असं सांगणारी ओळ) 'आयडी' मागितला, तर मूस म्हणतो अशी मेथडच नाही. अहो, 'हॅज'ने (ऑब्जेक्टचा गुण, म्हणजे ॲट्रिब्यूट, जाहीर करणारी ओळ) केलेला ॲक्सेसर, म्हणजे तो गुण वाचणारी मेथड, समोर दिसतोय की!

रिकामटेकडा
क्लासला रोल जोडणारी 'विथ'ची ओळ फाइलीत सर्वात वर असणार, पैजेवर सांगतो. 'हॅज'च्या खाली न्या. 'सब'ने लिहिलेली मेथड कंपाइल होतानाच तयार होते, पण 'हॅज' हा साधा फंक्शन कॉल, त्याची पाळी येईल तेव्हाच ॲक्सेसर बनतो.

जुनी_खोड
वरचं बरोबर. आता पुढचा खड्डा, यात माझे दोन दिवस गेलेत. दोन रोलमध्ये एकाच नावाची मेथड असेल आणि दोन्ही रोल एकाच 'विथ'मध्ये दिले, तर मूस तिथेच अडवतो: क्लासने स्वतः ती मेथड लिहावी. हे चांगलंच आहे. पण तेच दोन रोल दोन वेगळ्या 'विथ' ओळींत दिले की चिडीचूप. पहिल्याची मेथड क्लासमध्ये बसलेली असते, दुसऱ्याची गुपचूप गळते. म्हणून सगळे रोल एकाच 'विथ'मध्ये द्या.

ॲट्रिब्यूटचं नाव एकत्र 'विथ'मध्ये धडकलं तर क्लासला सोडवताही येत नाही, रोलच बदलावा लागतो. मेथडच्या आधी, नंतर किंवा भोवती कोड जोडणारे 'बिफोर', 'आफ्टर', 'अराउंड' मात्र एकमेकांवर रचले जातात, भांडत नाहीत. पुन्हा प्रयत्न करण्याचा रोल 'अराउंड'नेच करा आणि जिला गुंडाळताय ती मेथड 'रिक्वायर्स'मध्ये लिहा.

टॅबवाला
प्रत्येक क्लासला कॅशेची मुदत वेगळी असेल तर मूसएक्स::रोल::पॅरामीटराइज्ड बघा. रोलला बाहेरून माहिती देता येते.

जुनी_खोड
एवढ्यासाठी नको. 'रिक्वायर्स'मध्ये 'मुदत' मागा, प्रत्येक क्लास आपला आकडा परत देईल. मेथडचं नावच क्लासागणिक बदलायचं असेल तेव्हा ते मॉड्यूल काढा.

नवशिक्या७
मधेच विचारतो, पर्लमध्ये आता क्लास अंगभूत आलेत ना? मूस हवाच कशाला?

रिकामटेकडा
5.38 मध्ये आले, 2023 साली, तेही प्रायोगिक म्हणून. पण त्यात रोल नव्हते, आणि हा धागा रोलचाच आहे. नवीन छोटं काही लिहिणार असाल तर मू (मूसचा हलका भाऊ) बघा, लवकर सुरू होतं. त्याचे रोल मूसच्या क्लासलाही चालतात.

अर्धविराम
ओळ खाली नेली, चाललं! सगळं एका 'विथ'मध्ये आणल्यावर कळलं की लॉग आणि कॅशे दोघांकडेही 'क्लिअर' आहे. इतके दिवस कोणाचं चालत होतं देव जाणे. कॅशेच्या 'क्लिअर'ला 'अलियास'ने नवं नाव दिलं, तरी तीच तक्रार.

जुनी_खोड
'अलियास' नुसतं जादा नाव देतं, जुनं तसंच राहतं. त्याच रोलला 'एक्सक्लूड्स'ने 'क्लिअर' वगळा. आणि त्या रोलच्या आत कुठे 'क्लिअर' बोलावलं असेल तर आधी शोधा, तिथे आता लॉग पुसला जाईल.