मदत हवी आहे : सांगली-मिरजेतील रविवारच्या भटकंतीविषयी

नमस्कार. लग्नानंतर आम्ही दोघे सांगलीत स्थायिक झालो, परंतु दोघांच्याही नोकरीमुळे राहते शहर नीट पाहण्याचे राहून गेले. म्हणून या फाल्गुन-चैत्रात दर रविवारी सकाळी दुचाकीवरून एकेक भाग पाहायचा असे ठरवले आहे. पटवर्धनांचे गणपती मंदिर, १९२९ चा आयर्विन पूल आणि हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम एवढे झाले. संगमावर पाणी उतरलेले होते आणि संगमेश्वराच्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर वाळलेल्या गाळाची पापडी पायाखाली कुरकुरत होती.

मागच्या रविवारी मात्र मिरजेत फसगत झाली. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले सतार-तानपुरे घडताना पाहावेत म्हणून सतारमेकर गल्लीत गेलो, तर भर दुपार असल्याने बहुतेक दुकाने बंद होती. एका अर्धवट उघड्या दारातून आढ्याला टांगलेले भोपळे तेवढे दिसले. (सौ.चे म्हणणे, आधी विचारायला हवे होते. ते खरेच आहे.)

जाणकारांनी कृपया सांगावे : कारागिरांच्या कामात व्यत्यय न आणता भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचे (म्हणजे तारांना गुंजणारा नाद यावा म्हणून घोडी घासून जुळवण्यापर्यंतचे) काम पाहायचे असल्यास कोणत्या वारी, किती वाजता जावे? हळद साठवण्याची जुनी पेवे हरिपुरात आजही पाहता येतात का आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी? उन्हे वाढण्यापूर्वी दंडोबाच्या डोंगरावर जायचे असल्यास पहाटे किती वाजता निघावे, हेही कळवावे.